गच्चीवरचा सूर्यबंब

नाशिकच्या द्वारका स्टॉपवर बसमधून उतरता उतरता यशोधरेच्या डोळ्यांवर असा काही लख्ख उजेड आपटला, की पायरी सोडून तिचा पाय थेट रस्त्यावर पडला. डबा हातातून सुटला, झाकण गडगडत गेलं आणि एका हातगाडीच्या चाकाशी जाऊन थांबलं.

गाडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन मोठ्या चपट्या पेट्या होत्या. एकीचं गोणपाट सरकलं होतं आणि आतली काच थंडीतलं सगळं ऊन गोळा करून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडावर फेकत होती. गाडी धरून उभा असलेला तरुण वाकला, झाकण उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्यापुढं धरलं.

"दिसत नाही का तुम्हाला? माणसं आंधळी करायला निघालात का?" ती कडाडली.

"ऊन माझं नाही हो," तो म्हणाला. "काच तेवढी माझी."

सावळा, उंच, डोक्याला मफलर. हसताना एकच गाल हसत होता. यशोधरेला अशी माणसं आवडत नसत. जो माणूस ओळख नसताना हसतो, त्याला काहीतरी हवं असतं, असं तिचं ठाम मत होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडून द्यायच्या कामावर होती. "आता निघतोच" म्हणणारे तासभर न निघणारे लोक, "तब्येत उत्तम" असं सांगताना खोकणारे लोक ती रोज ऐकत असे. संशय घेणं हा तिच्या नोकरीचाच भाग होऊन बसला होता.

"इकडं पगारे कुठं राहतात? प्रेसमधून रिटायर झालेले. नवीन कॉलनीत," त्यानं विचारलं.

यशोधरेनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. पगारे म्हणजे तिचेच वडील. आणि गेल्या महिन्यापासून कॉलनीत तांब्याची भांडी चोरीला जात होती. शेजारच्या सुलाबाईंचा हंडा तर दिवसाढवळ्या अंगणातून गेला होता.

"त्या पिंपळाच्या बाजूनं सरळ जा," तिनं उलट्या दिशेला हात केला. "शाळा लागली की डावीकडं."

"थँक्यू बाई," म्हणून तो गाडी ओढत खरोखरच तिकडं निघाला.

ती घरी पोहोचली तेव्हा तिचे वडील भिकन पगारे फाटकाशी येरझारा घालत होते. "अगं यशू, वाटेत कुणी हातगाडीवाला दिसला का? आज सूर्यबंब येणार आहे आपला!"

प्रदर्शनात बघून त्यांनी तो ठरवला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गच्चीवर काचेची पेटी, पेटीत काळा पत्रा आणि तांब्याच्या नळ्या. ऊन पडलं की नळ्यांतलं पाणी तापतं, वर टाकीत चढतं, आणि सकाळी तोटी फिरवली की कढत पाणी. लाकडं नकोत, धूर नको. भिमाबाईंचे गुडघे थंडीत लाकडासारखे होत. पहाटे बंबापाशी वाकून फुंकर घालताना बायकोचं कण्हणं भिकनरावांना ऐकवत नसे.

"फुकटचं पाणी कधी तापतं का?" भिमाबाई म्हणाल्या. "उन्हाला काय आपली नोकरी लागलीय?"

यशोधरा डब्याचं झाकण उगाचच पुन्हा पुन्हा घासत राहिली.

तो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मफलर घामानं ओला. भिकनरावांनी "जय भीम" म्हणत स्वागत केलं, त्यावर तो "नमस्कार साहेब" म्हणाला. यशोधरेनं ते मनात टिपलं.

"किती उशीर केलात, निवृत्तीराव!"

"रस्ता चुकलो साहेब." त्याची नजर दारात उभ्या असलेल्या यशोधरेवर गेली, क्षणभर थांबली… आणि तो एकच गाल हसला. "एका बाईंनी अगदी नीट सांगितला होता. माझंच चुकलं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उपकार करून ठेवला मेल्यानं! आता हा कधीतरी तो वसूल करणार…

भिमाबाईंनी चहा आणला. निवृत्ती महालेनं हात जोडले. "नको मावशी. मी घेत नाही."

"अरे, एवढा गाडी ओढत आलास—"

"नको, खरंच."

भिमाबाई कप घेऊन आत गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण यशोधरेला दिसलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघायचा आणि मग तहान लागत नाही म्हणायचं, अशी माणसं त्या घरानं पूर्वीही बघितली होती.

झालं! त्या दिवसापासून यशोधरेनं त्याच्यावर पहारा सुरू केला.

ड्यूटीवरून आली की ती कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाई. तो लोखंडी घोडीवर पेटी बसवत असे, नळ्या जोडत असे, टाकीभोवती जाड कापूस गुंडाळत असे. काम चाललेलं दिसे, पण संपत मात्र नसे.

"आज काय राहिलं?"

"कोन."

"कसला कोन?"

"पेटीनं सूर्याकडं किती मान वर करून बघायचं, त्याचा."

"तो काल बघितला होतात ना?"

"काल बरोबर होता. आज जरा…" त्यानं डोळे बारीक करून वर बघितलं.

"सूर्य रोज जागा चुकतो का?"

"सूर्य नाही हो. माझंच लक्ष चुकतं."

ती पाठ फिरवून टॉवेल झटकू लागली. मागून त्याचा आवाज आला, "एक विचारू? हे कपडे तुम्ही रोज वाळलेलेच वाळत घालता… ते का?"

यशोधरेनं टॉवेलाला हात लावून बघितला. कोरडा ठणठणीत! "तुम्ही तुमच्या नळ्यांकडं बघा," ती म्हणाली आणि तरातरा जिना उतरली. उतरताना तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला.

भिमाबाई रोज चहा विचारत. तो रोज नको म्हणे. एकदा त्या म्हणाल्या, "निदान पाणी तरी घे रे," तर त्यानं पिशवीतली स्वतःची बाटली काढून दाखवली. त्या दिवशी यशोधरा गच्चीवर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं भिकनरावांना विचारलेलं तिच्या कानावर पडलं. "साहेब, जुना बंब आता काढून टाकणार ना? तांबं जड आहे चांगलं. मोडीत द्यायचा झाला तर मला सांगा, मी नेतो."

तांबं! यशोधरेच्या डोक्यात सुलाबाईंचा हंडा ठणकन वाजला.

आणि मग तो फोन आला.

दुपारची वेळ, एक्स्चेंजमध्ये नुसता कलकलाट. द्वारकेच्या एका दुकानातून पुण्याचा कॉल मागितला होता. तिनं जोडून दिला, लाइन लागली का बघायला कान लावला आणि गार पडली. आवाज त्याचा होता.

"…कोंडाजी, काम तसं संपलंय रे. पण संपलं म्हणून सांगितलेलं नाही अजून घरात. पाना इकडून तिकडं फिरवतो, दिवस जातो."

ऑपरेटरनं तिथंच बाहेर पडायचं असतं. नियम कडक होता, ऐकत बसली तर नोकरी जाते. यशोधरेचा हात खटक्यावर होता… आणि तिथंच राहिला.

"म्हातारा-म्हातारी साधी आहेत. पोरगी मात्र भारी आहे. पापणी न लववता बघत असते, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही… नाही नाही, रिकाम्या हातानं यायचं नाही मला. एकदा बाहेर पडलो की त्या घरात परत शिरायला निमित्त कुठलं?"

तिनं खटका खाली केला. पुढचे कॉल तिनं कुठले कुठं जोडले देव जाणे. शिव्या खाल्ल्या. डोक्यात एकच चाललं होतं: हा घर बघून ठेवतोय. आणि हे ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण लगेच प्रश्न आला असता, तुला कसं कळलं?

चोरीची भीती होतीच. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, ते ती स्वतःशीही बोलायला तयार नव्हती. रोज गच्चीवर जाताना आपण वेणी का घालून जातो, हे.

पौर्णिमेच्या सकाळी भिमाबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या. यशोधरेला सुट्टी होती. न्हाणीघरात गेली तर कोपऱ्यातला बंब गायब! जमिनीवर फक्त काळं वर्तुळ उरलेलं.

ती बाहेर आली तेव्हा निवृत्ती फाटकातून आत येत होता, खांद्याला मोठी पिशवी लावून.

"बंब कुठं आहे?"

"कुठला बंब?"

"नाटक नको! आमचा तांब्याचा बंब कुठं नेलात?"

तिचा आवाज ऐकून भिकनराव धावत आले. सुलाबाई कुंपणापाशी आल्या. त्यांच्यामागं आणखी दोघी.

"यशू, काय बोलतेस तू?"

"बाबा, यांचं काम कधीच संपलंय! मुद्दाम ओढताहेत. तुम्ही साधे आहात म्हणून. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणालेत ते—मी स्वतः ऐकलंय फोनवर!"

बोलून झालं आणि तिला कळलं, आपण काय बोलून बसलो.

निवृत्तीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिला वाटलं, आता हा पलटून म्हणणार, तुम्ही लोकांचे फोन ऐकता? पण त्यानं पिशवी खांद्यावरून काढली, जमिनीवर उपडी केली. पाने-पक्कड, फडकं, पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं. बाकी काही नाही.

"काम संपलंय, हे खरं आहे," तो भिकनरावांना म्हणाला. तो न्हाणीघरात गेला, नवी तोटी फिरवली. आधी घरघर झाली, मग पाणी आलं. भिकनरावांनी हात धरला आणि "अगं आई!" म्हणून मागं घेतला. पाणी चांगलं कढत होतं.

"मग सांगितलं का नाहीस, बाबा?" भिकनरावांनी चटका बसलेली बोटं झटकत विचारलं.

"कारण होतं. ते मी… इतक्या माणसांत सांगणार नाही. पण तुम्हाला आठवडाभर उगाच लाकडं जाळायला लावली, ती माझी चूक. आणि बंब मी नेलेला नाही."

"मग गेला कुठं?" सुलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या.

"काय गेलं?" फाटकातून भिमाबाई आत आल्या. पांढरं लुगडं, हातात फुलं. प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, बंब माझ्या पलंगाखाली आहे! गोधडीत गुंडाळून ठेवलाय मी पहाटे. हे निघाले होते मोडीत द्यायला. ढग आले म्हणजे काय करायचं, ते सूर्याला विचारलंय का कुणी?"

कुणीतरी हसलं. सुलाबाई पदर सावरत मागं वळल्या. यशोधरा मात्र जमिनीकडं बघत उभी राहिली. तिथं पडलेली एकेक वस्तू निवृत्ती पिशवीत भरत होता, सावकाश, कुणाकडंही न बघता. मग त्यानं भिकनरावांना हात जोडले, भिमाबाईंना जोडले, आणि तिच्यासमोरून तो निघून गेला. फाटकाची कडीसुद्धा त्यानं नीट लावली.

पुढचे काही दिवस यशोधरा तक्रारीची वाट बघत राहिली. सुपरवायझरनं हाक मारली की ती हेडफोन काढून उभीच राही. पण तक्रार आली नाही. घरात रोज कढत पाणी येत होतं, भिमाबाईंचे गुडघे सैल झाले होते, आणि आता त्या स्वतःच सूर्यबंबाचं कौतुक सांगत कॉलनीभर फिरत होत्या. गच्चीवर मात्र यशोधरेला जाववत नव्हतं.

"गुणी पोरगा होता," एका संध्याकाळी भिमाबाई तांदूळ निवडताना म्हणाल्या. "चहा तेवढा घेतला नाही कधी."

"आई, तो आपल्या हातचं घेत नव्हता. कळलं नाही का तुला?"

"कळलं ना. पण चोर नव्हता तो." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तू त्याला चारचौघांत चोर म्हणालीस. ते बाकी आहे. त्र्यंबकला धर्मशाळेवर बंब बसवतोय म्हणे. हे सांगत होते."

रविवारी यशोधरा त्र्यंबकच्या बसमध्ये बसली. वाटभर तिनं माफीची वाक्यं जुळवली. थंडी बोचरी होती, डोंगरावरून धुकं अजून उठलं नव्हतं. धर्मशाळेच्या जिन्यानं ती वर गेली तेव्हा तो टाकीला पाठ टेकून भाकरी खात होता. तिला बघून घास हातातच राहिला.

"रस्ता सापडला?" त्यानं विचारलं.

"मी त्या दिवशी मुद्दाम चुकीचा सांगितला होता."

"माहीत आहे. पिंपळाखालच्या माणसानंच सांगितलं, पगारे उलट्या बाजूला राहतात म्हणून."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

त्यानं भाकरी फडक्यात बांधली. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना. "मी तुम्हाला चोर म्हणाले. ते चुकलं माझं. फोन ऐकला, तेही चुकलं. तक्रार करायची असली तर करा."

"तक्रार काय करू? तुम्ही ऐकलंत, पण अर्धंच."

"मग उरलेलं सांगा."

तो उठून कठड्यापाशी गेला. "आधी तुम्ही सांगा. मावशींनी मला इतक्यांदा चहा विचारला. तुम्ही एकदाही विचारला नाहीत. का?"

"कारण तुम्हाला आमच्या हातचं चालत नाही!" तिचा आवाज चढला. "रोज बाटली घेऊन यायचात. आम्हाला काय कळत नाही?"

तो वळून तिच्याकडं बघतच राहिला. "तुमच्या… हातचं?"

"हो."

"अहो, मी कोकणा. हरसूलचा. आदिवासी माणूस मी." तो सावकाश बोलू लागला. "आयटीआय करून पुण्याला लागलो, तेव्हा एका बंगल्यावर काम होतं. मालकीणबाई दोन वेळा चहा द्यायच्या. घरच्यासारखं वाटायचं. एक दिवस फडकं शोधत जिन्याखाली गेलो, तर तिथं माझा कप. उपडा घातलेला. एकटाच. बाकीचे सगळे आत मांडणीवर… तेव्हापासून कामाच्या घरी मी काहीच घेत नाही. घेतलं नाही म्हणजे कोण कसं आहे ते कळत नाही. कळलं नाही की बरं असतं."

असला कप यशोधरेच्या आईनं लहानपणी पाहिला होता, वडिलांनी पाहिला होता. आणि ती मात्र तसा कप वेगळा ठेवणाऱ्यांतलाच हा आहे, असं धरून चालली होती.

"आमच्या घरातसुद्धा तुम्हाला तसं वाटलं?" तिनं हळूच विचारलं.

"फोटो बघितला तेव्हाच कळलं होतं, इथं तसं नसणार. पण एकदा नाही म्हटलं, की दुसऱ्या दिवशी हो कसं म्हणायचं?… रोज ठरवून यायचो, आज घेईन म्हणून."

"आणि काम ओढलंत, ते चहासाठी?"

"नाही." आता दोन्ही गाल हसले आणि लगेच मिटले. "ते तुमच्यासाठी. तुम्ही बादली घेऊन वर यायचात, खडूसपणे बघायचात, आज काय राहिलं विचारायचात… मला रोज काहीतरी राहावं असं वाटायचं. बोलल्याशिवाय जायचं नाही, असं कोंडाजीला सांगितलं होतं. तो माझा पुण्याचा जोडीदार. तेवढंच तुम्ही ऐकलंत."

खाली कुशावर्त कुंडाकडं जाणाऱ्या माणसांचा गलबला चालू होता. ऊन धुक्यातून खाली यायला लागलं होतं. यशोधरेनं कठड्यावरचा चुन्याचा पोपडा नखानं उकरला.

"आजवर किती घरांत असं काम ओढलंत?"

"एका."

"कशावरून?"

"बाकीच्या घरांतून मी घाईनं पळतो म्हणून कोंडाजी शिव्या देतो. विचारा त्याला."

"विचारीन," ती म्हणाली. "आणि बाबांना तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. कुंपणाबाहेर कितीही माणसं उभी असली तरी."

"सांगीन. येत्या रविवारीच येतो."

"लग्नाला माझी आई कुरकुर करेल, पण तुम्ही चोर नाहीत हे तिला माझ्याआधी कळलं होतं. आता तुमच्या घरचं सांगा. तुमच्या आईला मी चालेन?"

तो बोलायला लागला आणि थांबला. खूप वेळ थांबला. "आई… सांगता येत नाही हो," तो शेवटी म्हणाला. "तिनं जातीतली एक मुलगी बघून ठेवलीय. ती रडेल, ओरडेल. मी सांगीन तिला. पण ती काय म्हणेल, ते आत्ता खोटं कशाला सांगू?"

यशोधरेनं त्याच्याकडं वळून बघितलं. दिवसभर हेडफोन लावून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. खोटं बोलणारी माणसं अशी थांबत नाहीत. त्यांची उत्तरं तयार असतात, घडी घातलेली. हा माणूस तिला हवं ते उत्तर देऊ शकला असता आणि अडखळला होता. गेले कित्येक दिवस छातीत आवळून धरलेलं काहीतरी तिनं सोडून दिलं.

"हरसूलला बस जाते ना इथून?"

"जाते की. पण—"

"चला मग. आजच सांगा त्यांना. मीही येते."

"आज?" त्याच्या हातातलं फडकं पडलं.

"आज. नाहीतर तुम्ही हेही काम आठवडाभर ओढाल."

हरसूलचं घर गावाबाहेर होतं, कुडाचं, शेणानं सारवलेलं. अंगणात नागलीची कणसं वाळत घातली होती. निवृत्तीची आई ठमाबाई सूप हातात घेऊन उभी राहिली. आधी तिनं मुलाकडं बघितलं, मग यशोधरेकडं. चपलांकडं बघितलं, पर्सकडं बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. पापणी लवली नाही.

"कोन हाय रं ही?"

"आई, ही यशोधरा. नाशिकची. हिच्याशी लगीन करायचं हाय मला." एका दमात बोलून त्याला धाप लागली.

ठमाबाईचे डोळे बारीक झाले. "ह्यो साधा हाय," ती यशोधरेला म्हणाली. "कुनीबी फशिवतं याला. तू काय बघून आलीस?"

यशोधरेनं ती नजर ओळखली. अगदी अशीच नजर तिनं द्वारकेपासून याच्यावर रोखून धरली होती. तिला भीती वाटली नाही की राग आला नाही. उलट पहिल्यांदाच वाटलं, या बाईशी आपलं जमेल.

"मी पण त्याला तेच विचारलं, आत्याबाई," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस विचारत होते. विश्वास बसायला मला फार वेळ लागला."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले. डोंगराकडून गार वारा सुटला होता आणि यशोधरेनं शाल आणलेली नव्हती.

"वारा लय हाय," ठमाबाई दाराकडं वळत म्हणाली. "आत ये."

निवृत्ती घाईनं चपला काढायला वाकला.

"तू थांब भाईर," ठमाबाईनं त्याला तिथंच अडवलं. "मला हिला एकटीला इचारायचं हाय."

दार लोटलं गेलं. निवृत्ती अंगणात, नागलीशेजारी उकिडवा बसून राहिला. आतून आधी आईचा करडा आवाज आला, मग यशोधरेचा, तितकाच ठाम. मग पुन्हा आईचा… आणि कितीतरी वेळानं, त्याला कानांवर विश्वास बसेना, दोघी मिळून हसल्या.